‘हे वजन करून आणा!’ : बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि सुपरमार्केटचा काउंटर

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एक जागा पुन्हा पुन्हा दिसली: सुपरमार्केट. माहेरून परतल्यावर बाईची एकटीनं घराबाहेर पडण्याची पहिली जागा बहुधा तीच असते, म्हणून असेल. त्यातली सात पत्रं आणि आमच्या मानसोपचार व समुपदेशन सल्लागारांची उत्तरं.

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं आहे. सव्वा महिना माहेरी काढला, आता ठाण्यात परत आलेय. नवरा सकाळी आठला बाहेर पडतो. गेल्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये वाटाण्याच्या पिशवीवर वजनाचं स्टिकर नव्हतं. काउंटरवरची मुलगी ओरडली, “मॅडम, हे वजन करून आणा, मागे लाइन आहे.” बाळ रडायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, “एवढ्याशा बाळाला घेऊन येतात कशाला!” मी सगळं तिथेच टाकून घरी आले आणि संध्याकाळपर्यंत रडले. आता दुकानाचं नाव काढलं तरी छातीत धडधडतं. डॉक्टरांनी पोस्टपार्टम डिप्रेशन सांगितलंय, गोळी सुरू होऊन दहा दिवस झालेत. एवढ्याशा गोष्टीनं मी अशी का कोसळते?

उत्तर : आधी गोळीचं बोलू. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता हे उलट वाढलेलं असू शकतं. म्हणजे या धडधडीत थोडा वाटा गोळीचाही असेल. डॉक्टरांना फोन करून सांगा, पण मनानं बंद करू नका. आधी कधी असा काळ आला असेल की दोन-तीन तास झोपूनही उत्साह उतू जात होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उधळले जात होते, तर तेही सांगा. घरात कुणाला असा चढ-उतारांचा (बायपोलर) आजार असेल तरीही सांगा. त्यावरून गोळीची निवड बदलते.

आता वाटाण्याचं. ती मुलगी तुटक बोलली हे खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. पण दीड-दोन तासांच्या तुकड्यांत झोपलेल्या माणसाला निर्विकार चेहराही रागावलेला दिसतो. नैराश्याची आणखी एक खोड आहे. बाहेरचं वाक्य आत पोचेपर्यंत त्याचा रोखच बदलतो. “वजन करून आणा” हे वाटाण्याबद्दलचं वाक्य होतं. घरी पोचेपर्यंत ते “तुला साधा बाजारहाट जमत नाही, तू कसली आई” असं झालं. आज कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ती नेमकं काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिहा, उजवीकडे त्यावरून तुम्ही स्वतःला काय म्हणालात ते. डावीकडे सात-आठ शब्द असतील आणि उजवीकडे अर्धं पान. उपचार त्या अर्ध्या पानावर करायचा असतो. पुढच्या भेटीला कागद समुपदेशकाकडे न्या.

दुकानात खटके उडतात ते बहुतेक ठरलेल्या जागीच. सुटी भाजी ही पहिली. वजनाचा काटा एकीकडे आणि बिल दुसरीकडे; पिशवीवर बारकोड नसेल तर बिलाचं मशीन ती घेतच नाही आणि काउंटरवरचं माणूस हतबल होऊन खेकसतं. कोथिंबीर-पालकाच्या ओल्या पिशवीवर स्टिकर सुटतं किंवा सुरकुततं, म्हणून ते कोरड्या भागावर लावून घ्या. त्याहून सोपं म्हणजे पहिला महिना भाजी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून घ्या आणि सुपरमार्केटातून फक्त पाकीटबंद वस्तू. दुसरी जागा पैसे देण्याची. मागे रांग आणि कडेवर बाळ असताना पिन आठवत नाही, हे धडधाकट माणसांचंही होतं. यूपीआय लाइटमध्ये आधी पैसे भरून ठेवले तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही (एकूण शिल्लक ५,००० पर्यंत). टॅप करायच्या कार्डावर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, मात्र बँकेच्या अॅपमध्ये ती सोय चालू आहे का, हे घरीच पाहून घ्या. तिसरी जागा दारावरचा शिक्का. बिल पिशवीत टाकू नका, हातातच ठेवा.

महिन्याचा पहिला आठवडा, रविवार आणि रोजची संध्याकाळ टाळा. आठवड्यातल्या मधल्या वारी साडेअकराच्या सुमारास साधारण शांतता असते. निघण्याआधी अर्धा तास बाळाला पाजून, लंगोट बदलून घ्या. यादी दहा वस्तूंची, वेळ वीस मिनिटांची. सिझेरियन झालं असेल तर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. त्यानंतरही पाच-दहा किलोचं पीठ, तेलाचा डबा घरपोच मागवा.

बोलायची वाक्यं आधीच पाठ करून ठेवा, कारण घशात आवंढा असताना नवीन वाक्य सुचत नाही. “हे राहू दे, नको मला.” वाटाण्यांसाठी एवढंच पुरलं असतं, स्टिकर नसलेली वस्तू तिथेच सोडायला काही हरकत नसते. “बिल होल्डवर ठेवा, बाळाला शांत करते.” बिलाच्या मशीनवर तशी सोय असते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं काम अडत नाही. आणि तिसरं, “हळू सांगा, मला ऐकू येतंय.” ही वाक्यं घरी मोठ्यानं तीन-चारदा म्हणा, पुटपुटू नका. धडधड सुरू झालीच तर ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरा, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब.

परत जायचं ते पायऱ्या पायऱ्यांनी. आधी दोन-तीन दिवस नुसतं दारापर्यंत जाऊन या. मग आत पाच मिनिटं, काही न घेता. मग बिस्किटाचा एक पुडा. मग पाच वस्तू. या सगळ्या वेळी बाळ घरी कुणाकडे तरी असू द्या. बाळासकट जाणं त्यानंतर आणि गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा गुण द्या. आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आला की वरची पायरी चढा. इथे नेमकं चुकतं ते असं: भीती आठवर असतानाच बाहेर पळायचं. मग मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. त्यापेक्षा रांगेतून बाजूला व्हा, मसाल्यांच्या रॅकपाशी उभ्या राहा, आकडा पाचवर येऊ द्या, मग निघा. घरपोच मागवणं पंधरा दिवस ठीक आहे. सगळंच महिनोन्महिने तसं चाललं तर भीतीच वाढते.

प्रश्न : माझं बाळ दोन महिन्यांचं. मी अजून डॉक्टरांकडे गेले नाही. दुकानातली मुलं माझ्याशी धड बोलत नाहीत आणि मला दिवसभर तेच टोचत राहतं. हा नुसता हळवेपणा की नैराश्य, कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

उत्तर : बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारं रडू, चिडचिड दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तुमचे दोन महिने झालेत. एडिनबरा प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून वापरात आहे. ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. काही बिनसलं की विनाकारण स्वतःला दोष दिला का, कारण नसताना घाबरायला झालं का, कामं अंगावर आल्यासारखी वाटली का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं, तेरा किंवा जास्त असेल तर याच आठवड्यात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर “कधीच नाही” सोडून काहीही असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

ही यादी आजाराचं निदान करत नाही, डॉक्टरांकडे जायचं की नाही एवढं ठरवते. गेल्यावर थायरॉइड (टीएसएच) आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडणं नवीन नाही, आणि तो थकवा, ती उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसते.

प्रश्न : डायपरची बॅग दारावरच्या काउंटरला जमा करायला लावतात. बाहेर पडताना सुरक्षारक्षकानं माझी पर्स उघडून हात घालायला सुरुवात केली. मी काही बोलूच शकले नाही. (सोलापूर)

उत्तर : बॅग जमा न करता तिचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं सील करून द्यायला सांगा, बरीच दुकानं करून देतात. एक लंगोट आणि ओले टिश्यू खिशात ठेवा. बिल पाहून त्यावर शिक्का मारणं हे रक्षकाचं काम. पर्समध्ये हात घालायचा किंवा अंगाला हात लावायचा पोलिसी अधिकार त्याला नाही. “हात लावू नका, मॅनेजरना आणि बाई कर्मचाऱ्याला बोलवा” एवढं म्हणून तिथेच उभ्या राहा. कुणी अडवून धरलं तर ११२.

उलट बाजूही सांगायला हवी. झोप नसलेल्या डोक्याकडून खरोखर चुका होतात. शॅम्पूची बाटली बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकली, वर दुपटं पडलं आणि बिल करताना ती राहून गेली. म्हणून बाबागाडीत दुकानाची एकही वस्तू ठेवायची नाही, सगळं ट्रॉलीतच. घरून आणलेला दुधाच्या पावडरीचा डबा किंवा टिश्यूचं पाकीट दुकानातही मिळणाऱ्या ब्रँडचं असेल, तर आत जातानाच रक्षकाला दाखवा.

प्रश्न : पत्नीला काउंटरवर अपमानास्पद बोललं गेलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन मॅनेजरला झापलं. आता ती माझ्यावरच चिडली आहे. माझं काय चुकलं? (पिंपरी)

उत्तर : तिला न विचारता गेलात. जे तिला विसरायचं होतं ते आता दुकानात सगळ्यांना माहीत झालं, आणि तिला जायचं आहे त्याच दुकानात. शिवाय “तुला जमत नाही, म्हणून मी निस्तरतो” असा अर्थ तिनं काढला असणार. सांगा तिला, की विचारायला हवं होतं.

तक्रार करायचीच असेल तर तिला हवी असेल तरच, आणि लेखी. दुकानाचं नाव-शाखा, तारीख, वेळ, काउंटर क्रमांक, बिल क्रमांक, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि तुम्हाला काय हवंय ते एका ओळीत. “त्या कर्मचाऱ्याला समज द्यावी” हे पुरेसं. पत्नीच्या आजाराचा उल्लेख नको. ती माहिती देणं तिच्या हातात आहे. हे पत्र मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पैशांच्या, मालाच्या भानगडींसाठी उपयोगी आहे: छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, खराब माल परत घेत नाहीत, वगैरे. नुसत्या तुटक बोलण्यासाठी तिथे फार हाती लागत नाही.

याहून मोठं काम घरी आहे. रोज रात्री सलग चार-पाच तास तिला कुणीही उठवणार नाही, अशी व्यवस्था करा. ती नऊला पाजून झोपेल. पुढचं एक पाजणं, तिनं आधी काढून ठेवलेल्या दुधावर, तुम्ही करा, ढेकर काढणं आणि लंगोट तुमच्याकडे. आठवड्यातून दोनदा नव्हे, रोज. दुकानात सोबत गेलात तर बिल तिलाच करू द्या. तुम्ही बाळाला घेऊन काउंटरच्या पलीकडे थांबा, तिला दिसाल इतपत जवळ.

प्रश्न : दूध पुरत नाही म्हणून पावडरचा डबा घ्यायला गेले, तर दुकानातल्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आईचं दूध नाही का देत?” मी डबा परत ठेवला. नैराश्याची गोळी चालू आहे, म्हणून पाजायचंही धाडस होत नाही. (नागपूर)

उत्तर : त्या बाईंना हा प्रश्न विचारायचं कारण नाही. १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीला, सवलतीला बंदी आहे, आणि आईचं दूध श्रेष्ठ असल्याची ओळ डब्यावर छापावी लागते. ते काम डब्यानं केलेलं आहे. तुम्ही म्हणा, “बिल करा.” दोन शब्द पुरतात. खुलासा द्यायला लागलात की संभाषण सुरू होतं.

गोळीचं मात्र मनावर घ्या. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आयांना नेहमी दिल्या जातात, दुधातून बाळापर्यंत पोचणारा अंश फार कमी असतो. तुमची गोळी कोणती, हे विचारून घ्या. कदाचित तुम्ही विनाकारण पाजणं कमी केलंय आणि म्हणून दूध कमी झालंय. पावडर लागलीच तर डब्यातलाच चमचा सपाट करून, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पावडर पुरवून वापरायला पाणी वाढवलं की बाळाचं वजन वाढत नाही. पाणी उकळून, साधारण ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, मग बाटली नळाखाली धरून कोमट करायची. तयार दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं.

प्रश्न : आमच्या सुनेला सामान आणायला पाठवलं की रडत येते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. (मडगाव)

उत्तर : काकू, तुमच्या वेळीही होतं, नाव नव्हतं. गोव्यातल्याच आयांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं. दृष्ट काढायची तर काढा, मिठ-मोहरीनं नुकसान नाही. पण अंगारा-धुपाऱ्यात आठवडे घालवू नका, आणि सामान तूर्त दुसऱ्या कुणाला आणू द्या.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. “दुकानातली बाई माझ्याशी वाईट वागली” म्हणून ती रडते, हे नैराश्य. “दुकानातले लोक माझ्या बाळावर पाळत ठेवून आहेत, पावडरीत काहीतरी मिसळलंय” असं ती ठामपणे म्हणू लागली, बाळ झोपलेलं असतानाही रात्र-रात्र झोपत नसेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, तर तो वेगळा आजार आहे. हजार बाळंतपणांत एक-दोनदा होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत आणि झपाट्यानं. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. उपचारानं हा आजार चांगला बरा होतो.

प्रश्न : मी सुपरमार्केटमध्ये कॅशियर आहे. परवा बाळ घेऊन आलेल्या एक ताई माझ्याशी बोलता बोलता रडायलाच लागल्या. मी फक्त “सुट्टे आहेत का” विचारलं होतं. मी काय करायला हवं होतं? (नाशिक)

उत्तर : विचारलंत, हेच पुष्कळांना सुचत नाही. दिवसभर उभं राहून, मागे सुपरवायझर आणि समोर रांग असताना आवाज चढतो, हे आम्हाला मान्य आहे. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यानं दिला, तो उगाच नाही.

पुढच्या वेळी असं करा. बिल होल्डवर टाका आणि हळू आवाजात म्हणा, “ताई, घाई नाही. बाजूला बसा, सामान इथेच आहे.” “काय झालं, का रडताय” असं विचारू नका, रांगेसमोर त्याचं उत्तर देता येत नाही. रांगेला मात्र मोठ्यानं सांगा, “दोन मिनिटं, मशीन अडकलंय.” खोटं आहे, पण चालेल. एखादं स्टूल आणि पाणी द्या. बाळाला पाजायचं असेल तर कपड्यांच्या विभागातली ट्रायल रूम उघडून द्या. स्टिकर नसलेली भाजी असेल तर त्यांना परत पाठवू नका, फ्लोअरवरच्या मुलाला पिशवी देऊन वजन करून आणायला सांगा; अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बाळाला हात लावायच्या आधी विचारा. आणि सुट्ट्यांचं म्हणाल तर गल्ल्यात दहा-दहाची नाणी सकाळीच जास्त मागून घ्या.